मार्चअखेरचे पाच लाख

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील गाळून:

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे ग्रंथालयात, हे वाचक सहायक ग्रंथपाल आहेत. नियतकालिकं आणि ई-साधनांचा विभाग त्यांच्याकडे येऊन दोन वर्षं होत आली. संग्रहासाठीची वार्षिक तरतूद 18 लाख रुपये, आणि हा आकडा बऱ्याच वर्षांत हललेला नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधनाच्या ई-नियतकालिकांची केंद्राची योजना आल्यामुळे आता ई-साधनांचं शीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) बंद करून सगळा पैसा छापील पुस्तकांकडे वळवावा, असं संचालकांचं म्हणणं आहे. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना एक महागडा डेटाबेस हवाय. 'संशोधन आम्ही करतो, मग निधीही आमचाच' असं ते ग्रंथालय समितीत बोलून गेले. सामाजिक शास्त्रांसाठी 4 लाख 20 हजारांचा एक डेटाबेस आधीपासून चालू आहे, पण वर्षभरात त्यातून जेमतेम 210 लेख उतरवले गेले. तो बंद करायचा प्रस्ताव आहे. मराठीची 40 नियतकालिकंही 'कुणी वाचत नाही' म्हणून बंद करा, असं म्हणतात. त्यांची वर्षाची वर्गणी सगळी मिळून 22 हजार. आणि या सगळ्यात 5 लाख रुपये अखर्चित पडलेत, 31 मार्च जवळ येतोय, आणि एक विक्रेता 20 हजार ई-पुस्तकांचं पॅकेज पावणेपाच लाखांत द्यायला तयार आहे. 'नॅकला (विद्यापीठ-महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी परिषद) आकडा दाखवायला बरं पडेल' असं वरून सुचवलं जातंय. ते विचारतात: 'मी नाराज कुणाला करू, रसायनवाल्यांना की मराठीवाल्यांना? पैसे परत गेले तर पुढच्या वर्षी तरतूद कापतील आणि खापर माझ्यावर फुटेल. मग पॅकेज घेऊन मोकळं का होऊ नये?'

नमस्कार.

पॅकेजचं आधी बोलू, कारण तारीख त्याचीच डोक्यावर आहे. या आठवड्यात कशावरही सही करू नका. विक्रेत्याला मेल पाठवा आणि 20 हजार शीर्षकांची पूर्ण यादी एक्सेलमध्ये मागा. आयएसबीएन, प्रकाशक आणि प्रकाशनवर्ष यांसकट. ब्रोशर नको, डेमो नको, आधी यादी. ती आली की प्रकाशनवर्षाच्या रकान्यावर सॉर्ट करा. गेल्या दहा वर्षांतली किती आणि पंचवीस वर्षांपूर्वीची किती, ते पाच मिनिटांत कळतं. मग कुठलीही शंभर शीर्षकं उचला आणि ती 'डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स'मध्ये आणि नॅशनल डिजिटल लायब्ररीत शोधून बघा. स्वामित्वहक्क संपलेली किंवा मुळातच मोफत असलेली पुस्तकं अशा पॅकेजात भरतीला घातलेली असू शकतात, आणि त्यांचे पैसे मोजायचं काहीच कारण नाही. यादीत मराठी किती तेही मोजा. बहुधा फार वेळ लागणार नाही.

मग लेखी विचारा: हे पावणेपाच लाख एकदाचे की दरवर्षीचे? वर्षाची वर्गणी असेल तर पुढच्या वर्षी पैसे नाही भरले की पुस्तकं गेली. 'कायमस्वरूपी' म्हणत असतील तर प्लॅटफॉर्मची वार्षिक फी वेगळी आहे का आणि कंपनी उद्या बंद पडली तर फायली मिळणार का, हे करारातल्या कोणत्या कलमात लिहिलंय ते दाखवा म्हणा. तोंडी आश्वासन लेखापरीक्षणात चालत नाही. लेखापरीक्षक विचारणारच, एवढी पुस्तकं घेतलीत तर दाखल क्रमांक कुठे आहेत? वर्षभराच्या परवानगीवर आलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढवता येत नाही, कारण ते तुमचं झालेलंच नसतं.

आणि नॅकचं. त्यांच्या आजवरच्या चौथ्या निकषात ग्रंथालयावरचा खर्च विचारत आलेत, तसा विद्यार्थी-शिक्षकांचा रोजचा वापरही. 20 हजारांचा आकडा एका रकान्यात शोभेल. शेजारी लॉगिनची संख्या लिहायची वेळ आली की तोच आकडा अंगावर येईल.

आता तुमच्या भीतीकडे. फेब्रुवारी लागला की कुठल्याही सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यालयाला अचानक खुर्च्या, कपाटं आणि प्रिंटर आठवतात. तुम्हाला ई-पुस्तकं आठवली, एवढाच फरक. अखर्चित रक्कम बघून तरतूद कापतात हे खरंच आहे. पण वित्त विभाग अखर्चित रक्कम बघतो, कारण ग्रंथालयाकडून त्याला बघायला दुसरं काही मिळतच नाही. मागच्या तीन वर्षांत कशावर किती खर्च केला, त्यातलं किती वापरलं गेलं आणि पुढच्या वर्षी काय लागणार आहे, असा दोन पानी कागद अर्थसंकल्पाच्या प्रस्तावासोबत किती ग्रंथालयं जोडतात? मागच्या वर्षाची रक्कम अधिक दहा टक्के, एवढंच लिहून फाईल पुढे जाते आणि वर कुणीतरी ते दहा टक्के खोडतो.

एक नियम मात्र टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा: मार्चात उरलेल्या पैशातून वार्षिक वर्गणी सुरू करायची नाही. एकदाचा पैसा एकदाच्या कामाला. पीएम-उषासारख्या केंद्राच्या योजनेतून रक्कम आली तरी हाच नियम. नाहीतर पहिलं वर्ष थाटात जातं, दुसऱ्या वर्षी त्या वर्गणीसाठी पुस्तकांचं शीर्ष कापलं जातं आणि तिसऱ्या वर्षी दोन्ही बंद. शिवाय नियतकालिकांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. जानेवारीत सुरू व्हायची वर्गणी ऑक्टोबरपर्यंत भरायची तर समितीची बैठक ऑगस्टमध्ये व्हायला हवी. तुमचे 5 लाख मार्चात उरले याचं मूळ बहुधा त्या न झालेल्या बैठकीत सापडेल.

संचालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली: 2025, 2026 आणि 2027 या तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 ई-जर्नल्स, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या 6,300 हून अधिक संस्था. काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या यूजीसीच्या केंद्राकडे. ज्या लेखासाठी पुण्या-मुंबईच्या संस्थेत ओळख काढावी लागायची, तो आता आपल्या संशोधकाला वसतिगृहाच्या खोलीत वाचता येतो. याला कमी लेखू नका. तेव्हा पहिलं काम हे की, तुम्ही स्वतः पैसे देऊन घेता त्या जर्नल्सची यादी योजनेच्या यादीशी ताडून बघा. जी दोन्हीकडे आहेत ती तुमच्या यादीतून काढा. यात कुणाशी भांडण नाही आणि बचत खरी आहे. फक्त आजवर भरलेल्या वर्षांची बिलं आणि करार जपून ठेवा. काही करारांत पैसे भरलेल्या वर्षांचे अंक वर्गणी थांबल्यावरही वाचता येतात, पण तो हक्क कागद दाखवल्याशिवाय कुणी देत नाही.

उरलेलं अर्धं असं. ही योजना नियतकालिकांची आहे. ई-पुस्तकं त्यात नाहीत, स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारखे निर्देशांकाचे डेटाबेस त्यात नाहीत, मराठीची वाङ्मयीन नियतकालिकं तर नाहीतच. आणि मंजुरी 2027 पर्यंतची आहे. पुढेही ती चालू राहो, पण तुमचं शीर्ष एकदा शून्यावर गेलं की पुन्हा उघडायला वित्त समिती, व्यवस्थापन परिषद अशी सगळी पायपीट नव्याने. वर्गणी म्हणजे टँकर. येतो तोवर तहान भागते, त्यात वावगं काही नाही, पण टँकर सुरू झाला म्हणून गावची विहीर बुजवायची नसते, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. शीर्ष चालू ठेवा, रक्कम कमी झाली तरी चालेल. संचालकांनाही हेच सांगा: 'सर, रक्कम वळवू, शीर्ष ठेवू.' यात त्यांचाही मान राहतो.

तो 4 लाख 20 हजारांचा डेटाबेस. भागाकार केला तर एका लेखाला 2,000 रुपये पडले. महाग आहे, वाद नाही. पण हा भागाकार करून थांबणारी माणसं मला थोडी घाईची वाटतात. 210 हा आकडा गरजेचा आहे की दाराचा? म्हणजे ज्यांना हवंय त्यांना आत येता येतं का? मुख्य परिसराचा आयपी (तिथल्या इंटरनेटचा पत्ता) विक्रेत्याकडे नोंदवलेला असतो, उपपरिसराचा राहून गेलेला असतो. आपल्याकडे पीएच.डी.ला नोंदणी विद्यापीठाची, पण संशोधक बसलेला असतो अंबाजोगाई, उदगीर किंवा जिंतूरच्या कॉलेजातल्या संशोधन केंद्रात, आणि दिवसा कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवत असतो. त्याने डेटाबेससाठी एस.टी.ने विद्यापीठात यायचं, तिथल्या चारपैकी चालू असलेल्या दोन संगणकांवर नंबर लावायचा, आणि मग आपण म्हणायचं वापर नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांचं चौथं सूत्र नेट-सेटसाठी पाठ केलेलं असतं. ते पासवर्डच्या अर्जाला कुणी लावून बघत नाही. तुमच्या करारात परिसराबाहेरून वापराची मुभा आहे का ते वाचा. असेल तर इन्फ्लिबनेटच्या 'इन्फेड' या बाहेरून लॉगिन करायच्या सोयीतून किंवा विक्रेत्याच्या सोयीने ती सुरू करा. नसेल तर नूतनीकरणाची पहिली अट तीच.

विक्रेत्याकडून 'काउंटर' या ई-साधनांचा वापर मोजायच्या प्रमाणित पद्धतीचा महिनावार अहवाल मागा. त्यांनी रंगवलेला आलेख नको. त्यात एकूण मागण्या आणि एकमेव मागण्या असे वेगळे आकडे असतात. एकाने एकाच बैठकीत तोच लेख आधी पडद्यावर वाचला आणि मग पीडीएफ उतरवली तर पहिल्यात दोन मोजले जातात, दुसऱ्यात एक. तुम्ही दुसरा धरा. प्रवेश नाकारल्याचाही अहवाल असतो. पैसे भरलेले नसल्यामुळे वाचक कुठल्या जर्नलच्या दारातून परत गेला, ते त्यात दिसतं. मला विचाराल तर खरेदीसाठी याहून प्रामाणिक शिफारसपत्र नाही. विभागप्रमुखाच्या सहीच्या मागणीपेक्षाही. महिनावार आकडे बघताना सगळे 210 एकाच महिन्यातले निघाले तर समजा, तेव्हा कार्यशाळा झाली होती आणि पुढे कुणी फिरकलं नाही.

मग काय करायचं? दूरस्थ प्रवेश सुरू करून एक वर्ष द्या, प्रत्येक विभागात अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्या, आणि आधीच ठरवा की वर्षाअखेर अमुक इतका वापर झाला नाही तर बंद. समजा 600 ठरवले, तर लेखाला 700 रुपये पडतील. हा आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण वर्ष सुरू होण्याआधी ठरवा आणि समितीच्या इतिवृत्तात घ्या. नंतर ठरवलेल्या आकड्याला कुणी मान देत नाही. तेवढा वापर नाही झाला तर बिनदिक्कत बंद करा. लागेल तो लेख डेलनेट या ग्रंथालयांच्या देवघेवीच्या जाळ्यातून मागवता येतो, लेखकाला मेल करून मिळतो, बऱ्याचदा एखाद्या संस्थेच्या भांडारात मोफत पडलेला असतो.

जाता जाता वाचनकक्षाबद्दल. तुमच्याकडेही एमपीएससीवाली पोरं सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असतील. बसू द्या, त्यांना घरी जागा नसते आणि खासगी अभ्यासिकेचं भाडं परवडत नाही. पण गेटवरच्या रजिस्टरातल्या त्यांच्या सह्या संग्रहाचा वापर म्हणून मोजू नका, आणि त्यांची पुस्तकं नियतकालिकांच्या शीर्षातून घेऊ नका. तो वेगळा खर्च आहे, तो विद्यार्थी कल्याणाकडून मागा.

मराठी नियतकालिकांवर मी जरा जास्त बोलणार आहे. 18 लाखांत 22 हजार, म्हणजे शंभर रुपयांत सव्वा रुपया. तो वाचवायला समितीची एक बैठक गेली असेल तर चहा-फराळाचा खर्च वजा करून बघा काय उरतं ते. 'कुणी वाचत नाही' हे विधान कशावरून आलं? ई-लेख उतरवला की मोजला जातो; टेबलावरचा अंक चाळून ठेवून दिला तर त्याची नोंद कुठे होते? एक महिना शिपाईमामांना सांगा की संध्याकाळी टेबलावर पडलेले अंक उचलताना कागदावर रेघ मारायची. एवढंच. महिनाभराने तुमच्या हातात बैठकीत ठेवण्यासारखं काहीतरी असेल, मग ते कुणाच्याही बाजूचं असो.

आणि उद्या एकदा कार्डेक्सचा, म्हणजे आलेल्या अंकांच्या नोंदीच्या कार्डांचा, ड्रॉवर उघडा. एखाद्या जुन्या त्रैमासिकाचं कार्ड काढा. निळ्या शाईच्या बरोबरच्या खुणा चालत येतात, मग एक चौकोन रिकामा, शेजारी पेन्सिलीने 'स्मरणपत्र दिले' आणि तारीख, मग पुन्हा दोन खुणा, मग सलग चार चौकोन कोरे. त्या काळात कुणाची तरी बदली झाली असेल, किंवा वर्गणीचा धनादेश कुठल्यातरी टेबलावर अडकला असेल. आता मागच्या दालनात जाऊन त्याच त्रैमासिकाचे बांधीव खंड बघा. कण्यावर सोनेरी आकड्यांत वर्षं ओळीने आहेत आणि मधलं एक गायब. ते वर्ष आता कुठून आणणार? प्रकाशकाकडे साठा नाही, संपादक नाहीत, कुठल्याही परदेशी डेटाबेसात ते नाही. मिळालंच तर रद्दीच्या दुकानात मिळेल, किंवा एखाद्या निवृत्त प्राध्यापकाची मुलं घर विकायला काढतील तेव्हा. दिवाळी अंकांचंही तेच. 1909 पासून चालत आलेली मराठीची ही परंपरा, आणि बहुतेक ग्रंथालयांत पुढची दिवाळी आली की मागचे अंक गठ्ठा बांधून रद्दीत.

तरीही 40 च्या 40 ठेवाच, असं मी म्हणत नाही. त्यात संस्थांची गृहपत्रं असतील, ज्यांचे अंक संकेतस्थळावर मोफत मिळतात अशी काही असतील, दोन-चार कुणाच्या तरी आग्रहाखातर सुरू झालेली असतील. दहा-बारा सहज निघतील. पण काढण्याआधी बघा की छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन विद्यापीठांच्या आणि आसपासच्या जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत मिळून ते कुठेतरी पूर्ण राहतंय का. एकाने हे ठेवायचं, दुसऱ्याने ते, असं चार ग्रंथपालांनी एका चहावर ठरवता येतं. त्याला शासननिर्णय लागत नाही.

माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राचा गाभा इथेच आहे. छापील की इलेक्ट्रॉनिक, रसायन की मराठी, या जोड्या मला फारशा उपयोगाच्या वाटत नाहीत. जे राष्ट्रीय वर्गणीतून येतं ते तुमच्याकडे, आसाममध्ये आणि केरळात सारखंच असणार. मग तुमच्या 18 लाखांचं काम काय? जे दुसरं कुणी विकत घेणार नाही, जपणार नाही, ते घेणं. मराठवाड्यावर संशोधन करायला माणूस येणार तुमच्याकडे. हैदराबाद संस्थानातलं शिक्षण, 17 सप्टेंबर 1948 च्या आधीची आणि नंतरची गावं, उर्दू आणि मोडीतली कागदपत्रं, महानुभावांचं साहित्य, 14 जानेवारी 1994 च्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तारापर्यंतची पत्रकं, स्मरणिका आणि पुस्तिका, दुष्काळाचे अहवाल, परभणी-लातूरच्या छोट्या छापखान्यांतून तीनशे प्रती निघालेले कवितासंग्रह. हे लंडन-न्यूयॉर्कच्या कुठल्याही पॅकेजात येणार नाही. आणि तुमच्या स्वतःच्या तळघरातले जुने प्रबंध? यूजीसीच्या 2009 च्या नियमांनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारासाठी द्यावी लागते, पण त्याआधीचे टंकलिखित प्रबंध अनेक ठिकाणी एकाच प्रतीवर उभे आहेत. कागद पिवळा पडलाय, कडा हाताला लागल्या की तुटतात.

तेव्हा 5 लाखांचं मी असं करीन. 31 मार्चच्या आत माल येऊन बिल निघेल अशीच कामं आत्ता घ्या. मराठवाड्यातल्या प्रकाशकांकडून आणि लेखकांकडून राहून गेलेली पुस्तकं. सुट्या पडलेल्या अंकांची बांधणी. खंडित संचांसाठी जुने अंक, जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांकडून. याला तीन कोटेशन मिळणार नाहीत, म्हणून 'दुर्मीळ व एकमेव' असा तज्ज्ञांचा शेरा आधीच फाईलला लावून घ्या. विज्ञान विभागांना हवीत अशी निवडक ई-पुस्तकं प्रकाशकाकडून कायमच्या हक्काने, एकेक शीर्षक बघून. स्कॅनिंगचं काम मात्र मार्चात रेटू नका. घाईत स्कॅन केलेली पानं वाकडी येतात, अर्धी अंधारात असतात, आणि पुन्हा कुणी पैसे देत नाही. त्यासाठी पन्नास जुन्या प्रबंधांचा नमुना-प्रकल्प पुढच्या अर्थसंकल्पात टाका, दर पानामागे दर मागवा. जतनासाठी डिजिटल प्रत करायला कायदा आड येत नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 52 मध्ये 2012 च्या दुरुस्तीने बिगर-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना स्वतःकडे असलेल्या ग्रंथाची इलेक्ट्रॉनिक प्रत जतनासाठी ठेवायची मुभा आहे. सगळ्यांना खुली करायची असेल तर लेखकाची किंवा वारसांची संमती घ्या. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र केले की फाईल अडते.

एवढं करूनही लाख-दीड लाख उरले तर उरू द्या. पैसे का उरले आणि पुढच्या वर्षी कशाला लागतील, हे लिहून परत करा.

बिलं तपासताना एक: छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि उच्च शिक्षण संस्थांना पुरवलेल्या ऑनलाइन शैक्षणिक नियतकालिकांना 2018 पासून सूट आहे. ई-पुस्तकांवर कर लागतो. पॅकेजात दोन्ही एकत्र बांधून सगळ्यावर कर लावलेलं बिल आलं तर लेखा विभागाला दाखवून फोड करून मागा.

रसायनशास्त्राच्या सरांकडे या. नव्या योजनेचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला असेल तर त्यांनाच. अमेरिकन केमिकल सोसायटी, एल्सव्हिअर, वायली, स्प्रिंगर नेचर हे सगळे त्या 30 प्रकाशकांत आहेत. त्यांच्या विभागाला आता मिळणाऱ्या जर्नल्सची यादी छापून घ्या आणि स्वतः नेऊन द्या. बऱ्याचदा प्राध्यापकांना हे आलंय हेच माहीत नसतं. मग म्हणा, 'सर, डेटाबेसची महिनाभर चाचणी मागवू. तुमचे कोण कोण संशोधक वापरतील त्यांची नावं द्या.' चाचणीत वापर दिसला तर विभागाच्या संशोधन प्रकल्पातून वाटा घेऊन पुढे जाता येईल. 'निधी आमचाच' या वाक्यावर मात्र गप्प राहू नका. विज्ञानाची साधनं महाग असतात, त्यांना जास्त पैसा जाणार हे मान्य. पण सगळा विभागून टाकलेला निधी म्हणजे ग्रंथालय फक्त बिलं चुकवणारं कार्यालय. साधारण पाचवा हिस्सा कुठल्याच विभागाचा नाही असा राखून ठेवा. आंतरविद्याशाखीय गोष्टी आणि वर सांगितलेला मराठवाड्याचा संग्रह त्यातून.

'मी कुणाला नाराज करू' या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, की हा निर्णय तुमचा एकट्याचा आहे. तसा तो नसतो, आणि नसावाही. तुमच्याकडे बहुधा संग्रह विकास धोरण नावाचा कागद नाही. असेल तर कुठल्यातरी मूल्यांकनाच्या वेळी दुसऱ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवलेला. चार पानं स्वतः लिहा: काय घ्यायचं, काय घ्यायचं नाही, वर्गणी कोणत्या आकड्याखाली गेली की बंद, विभागांची वाटणी कशी, मराठवाड्याच्या साहित्यात कमीत कमी काय यायलाच हवं, आणि निर्लेखन, म्हणजे हरवलेली-फाटलेली पुस्तकं नोंदीतून काढणं, कसं. निर्लेखनाला लोक घाबरतात. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत देवघेव आणि वाचनात फिरलेल्या दर हजार खंडांमागे वर्षाला पाच खंड गहाळ होणं स्वाभाविक धरलंय, निष्काळजीपणा किंवा लबाडी नसेल तर. तुम्हाला लागू असलेले राज्याचे आणि विद्यापीठाचे नियम त्याच्या शेजारी ठेवून आपलं कलम लिहा.

हा मसुदा समितीपुढे नेण्याआधी संचालकांच्या केबिनमध्ये एकटे जाऊन दाखवा. त्यांच्या दोन दुरुस्त्या घ्या, त्या पटल्या नाहीत तरी. बैठकीत पहिल्यांदाच आकडे समोर आले तर वरिष्ठांना ते आपल्याविरुद्धच वाटतात, मग चर्चा आकड्यांवर राहत नाही. टिपणी सदस्यांना आठ दिवस आधी पाठवा आणि इतिवृत्तावर सह्या घ्या. खापर फोडायला कुणी आलाच तर त्याला ते इतिवृत्त दाखवता येतं.

कॉलेजांतले ग्रंथपाल हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तुमचं कॉलेज यूजीसी कायद्याच्या 2(एफ) आणि 12(बी) या मान्यतेच्या आणि अनुदानपात्रतेच्या कलमांखाली असेल तर 2010 पासून चालू असलेल्या एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-साधनांच्या योजनेची वर्गणी काही हजारांतच आहे, आणि ई-पुस्तकांचा मोठा साठा त्यात येतो. वर्गणी बहुतेक जण भरतात. राहून जातात ती सदस्यांची नावं. ॲडमिनच्या लॉगिनमध्ये जाऊन बघा, निवृत्त झालेल्या किती प्राध्यापकांची खाती अजून चालू आहेत आणि या जूनमध्ये आलेल्या किती मुलांची अजून उघडलेलीच नाहीत. प्रवेशाच्या अर्जातच ई-मेलचा रकाना ठेवा आणि ती यादी कार्यालयाकडून जुलैतच मागून घ्या.